डीप रिम, व्हॉल्व एक्स्टेंडर आणि रोज सकाळी बसलेलं मागचं चाक

रात्री ८० पीएसआय दाबाने भरलेलं चाक सकाळी ३५ वर. ट्यूब काढून बादलीत बुडवली, एक बुडबुडा नाही. परत बसवली, भरली, दुसऱ्या दिवशी पुन्हा ३५. मग नवी ट्यूब घातली. तरीही तेच.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या सायकलच्या मागच्या चाकाने दोन आठवडे हा खेळ केला. चाकं ५० मिलिमीटरच्या कार्बन डीप रिमची, म्हणजे खोल कडेची, ओळखीतून वापरलेली घेतलेली. ट्यूब ४८ मिलिमीटर व्हॉल्वची, कारण दुकानात हात घातला की तीच हाताला लागते. तो व्हॉल्व एवढ्या खोल रिममधून पुरेसा बाहेर येत नाही, म्हणून त्याची लांबी वाढवायला एक जोडनळी, व्हॉल्व एक्स्टेंडर. एवढ्याशा नळीचा काय त्रास व्हायचा, असं मला वाटलं होतं. दोन ट्यूबा, टेफ्लॉन टेपचं अख्खं रीळ आणि तीन रविवार गेल्यावर मत बदललं. डीप रिम घेतलेल्या बऱ्याच जणांची हीच रड असते, म्हणून काय काय चुकलं आणि शेवटी काय सापडलं ते सविस्तर लिहिते.

गळती आहे ना, हे आधी बघा

प्रेस्टा व्हॉल्वला, म्हणजे अशा सायकलींच्या बारीक, टोकाला इवलासा नट असलेल्या व्हॉल्वला, फ्लोअर पंप लावला की काटा शून्यावर दिसतो. नवीन माणूस इथेच घाबरतो, "रात्रभरात सगळी गेली!" म्हणतो. तसं नसतं. प्रेस्टाच्या कोअरला, म्हणजे हवा अडवणाऱ्या आतल्या भागाला, ट्यूबमधली हवाच आतून दाबून बंद ठेवते. पंपाच्या नळीतला दाब ट्यूबमधल्या दाबाच्या वर चढला की मगच तो उघडतो. त्यामुळे एक-दोन पंप मारल्यावर काटा जिथे जाऊन ठरतो, तो खरा आकडा. हातात धरायचं छोटं गेज असेल तर उत्तम. मी ३५ म्हणते ते त्याच्यावरचे.

दुसरी गोष्ट आपल्या नागपूरची हवा. मे महिन्यात दुपारी ४५ अंशांच्या पुढे आणि जानेवारीत पहाटे १० च्या आसपास, असं ज्या गावात असतं तिथे टायरमधला दाब आपोआप वरखाली होणारच. २७ अंशांना ८० भरलेला टायर ४७ अंशांना ८६ च्या घरात जातो आणि १० अंशांना ७५ च्या खाली येतो. म्हणजे हिवाळ्यात रात्री घरात भरून पहाटे गच्चीवर मोजलं आणि पाच कमी दिसले, तर टायरवर आळ घेऊ नका. लॅटेक्सची ट्यूब असेल तर ती रात्रीतून बऱ्यापैकी हवा सोडते, तो तिचा स्वभाव. आणि रस्त्यात कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याने भरलं असेल, तर तो वायू रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर निसटतो. घरी येऊन ती हवा काढून पंपाने भरायची.

या सगळ्याची वजाबाकी करूनही साध्या ब्यूटाइल रबराच्या ट्यूबमधून रात्रीत ४५ पीएसआय जात असतील, तर मात्र गळती आहे.

एक्स्टेंडरच्या दोन जाती

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर निम्मा त्रास वाचला असता. दुकानात दोन्ही एकाच डबीत पडलेले असतात आणि दोघांनाही एक्स्टेंडरच म्हणतात.

पहिली जात टोपीसारखी. व्हॉल्वच्या टोकावर जिथे प्लास्टिकची टोपी बसते, त्याच आट्यांवर ही नळी चढवायची. आतला व्हॉल्व आहे तसाच राहतो. त्याचा टोकाचा इवलासा नट उघडा ठेवायचा आणि वरून नळी घट्ट करायची. मी याला टोपीवाला म्हणते. दुसऱ्या जातीत व्हॉल्वचा कोअर पान्याने काढायचा, त्याच्या जागी एक्स्टेंडर फिरवून बसवायचा आणि तोच कोअर एक्स्टेंडरच्या वरच्या टोकात लावायचा. हा कोअरवाला. वरून नेहमीच्या व्हॉल्वसारखाच दिसतो, नट उघडता येतो, बंद करता येतो.

आता मुद्दा. टोपीवाल्यात हवा अडवायचं काम आत खोल बसलेला मूळ कोअरच करतो. नळीच्या आट्यांवर दाब येतो तो फक्त पंप मारत असताना. पंप काढला की नळी नुसती शोभेची. त्यामुळे टोपीवाल्याचे आटे गळत असतील तर हवा भरताना जाते, रात्री जात नाही. कोअरवाल्यात उलटं. तिथे एक्स्टेंडर हाच व्हॉल्वचा भाग झालेला असतो आणि खालचा सांधा चोवीस तास दाबाखाली असतो. तो जरा ढिला असला की सकाळी टायर बसलेला.

म्हणजे कोणत्या वेळी हवा जाते, यावरून कोणता सांधा बघायचा ते ठरतं. मी नेमकं हेच न बघता दोन आठवडे दिसेल तिथे टेप गुंडाळत बसले होते.

टोपीवाल्याचं दुखणं: हवा भरलीच जात नाही

सुरुवातीला माझ्याकडे टोपीवालेच होते. पहिल्या आठवड्यात सगळं ठीक. मग एक दिवस पंप लावला, एकच दट्ट्या मारला आणि काटा उडी मारून १२० वर. टायर मात्र दाबला तर मऊ. पुन्हा मारला, हँडल खाली जाईना.

टोपीवाल्यातला मूळ नट आत उघडा सोडलेला असतो. रस्त्याच्या धक्क्यांनी, कधी नळी चढवताना, तो हळूहळू फिरत खाली येतो आणि व्हॉल्व बंद करून टाकतो. बाहेरून काहीच दिसत नाही. मग नळी काढायची, चिमट्यासारख्या बारीक टोकाच्या पक्कडीने भोकाबाहेर जेमतेम आलेला तो नट धरायचा, उघडायचा, आणि या गडबडीत कोअरचं टोक वाकलं तर ट्यूब बाद. काहीजण नट पूर्ण वर नेऊन पक्कडीने टोकाशी घट्ट जाम करून टाकतात. उपाय चालतो, पण मग ती ट्यूब कायमची उघड्या नटाचीच. नट उघडा असला तरी आतला दाब कोअर धरून ठेवतो हे खरं, पण दाब कमी झाला किंवा कोअरच्या बुडाशी कण अडकला की तो सावकाश सुटायला लागतो. मला ते पटत नाही.

आणि काटा असा एका जागी अडकून न बसता प्रत्येक पंपानंतर सरळ शून्यावर परत येत असेल, तर कारण वेगळं. हवा नळीच्या आट्यांतून किंवा पंपाच्या डोक्यातल्या झिजलेल्या रबरातून निघून जातेय. इथे टेफ्लॉन टेप कामाची. व्हॉल्वच्या टोकाच्या आट्यांवर दोन-तीन वेढे, नळी ज्या दिशेने फिरवून घट्ट होते त्याच दिशेने. उलट गुंडाळली तर नळी बसवताना सगळी गोळा होऊन वर येते.

ज्या दुकानातून हे घेतले होते तिथे तक्रार केली, तर उत्तर मिळालं, "ताई, तुमचा पंपच बिघडून राहिला." मी नवीन पंप घेण्याच्या बेतात होते. नशीब, घेतला नाही.

कोअरवाल्याचं दुखणं: सकाळी टायर बसलेला

त्याच दुकानातून मग कोअरवाले आणले. ॲल्युमिनियमचे, काळे, दिसायला देखणे. बसवले आणि त्या रात्रीपासून ८० चे ३५ सुरू झाले.

इथे डीप रिमची एक खोडी समजून घ्यायला हवी. साध्या उथळ रिममध्ये व्हॉल्व कुठे गळतोय ते डोळ्यांना दिसतं. डीप रिममध्ये ४८ चा व्हॉल्व कोअर काढल्यावर जेमतेम भोकाच्या तोंडापर्यंत पोचतो. म्हणजे एक्स्टेंडरचा सांधा रिमच्या पोटात. तो सांधा गळला तरी हवा व्हॉल्वच्या भोकातूनच बाहेर येणार, आणि ट्यूबला बारीक पंक्चर असलं तरी ती रिमच्या पोकळीतून फिरून त्याच भोकातून बाहेर येणार. साबणाचं पाणी लावलं तर भोकाशी फेस येतो, पण तो नेमका कशाचा ते कळत नाही. मी अर्थातच ट्यूब दोषी धरली.

ट्यूब बाहेर काढून बादलीत बुडवली की ती निर्दोष सुटायची, कारण मोकळ्या ट्यूबमध्ये तुम्ही दाब भरणार किती? थोडी हवा घातली की ती फुगत जाते, दाब वाढत नाही. ८० ला गळणारा सांधा अशा नावापुरत्या दाबाला बिलकुल गळत नाही. शिवाय मी एक्स्टेंडर काढून ठेवून नुसती ट्यूब बुडवत होते. आता लिहिताना हसू येतंय.

गाठ सोडवली ती आमच्या शेजारच्या काकांनी. उभी हयात रेल्वेच्या वर्कशॉपात गेलेला माणूस. मी अंगणात बादली घेऊन बसलेली बघून फाटकातूनच म्हणाले, "काय करून राहिली पोरी? रोज काय ट्यूब धुते काय?" मी सगळं सांगितलं. त्यांनी एक्स्टेंडर हातात घेतला, चष्मा वर केला, बुडाकडचे आटे बघितले आणि विचारलं, "याचं वायसर कुठाय?"

वायसर नव्हतंच. चांगल्या कोअरवाल्या एक्स्टेंडरच्या बुडाशी एक बारीक रबरी रिंग असते. ती व्हॉल्वच्या तोंडाशी दाबली जाऊन हवा अडवते. माझ्या काळ्या देखण्या नळीला नुसते धातूचे आटे होते. धातूवर धातू कितीही आवळा, ८० पीएसआय धरून ठेवेल याचा भरवसा नाही.

पण काका नुसत्या अंदाजावर थांबणारे नव्हेत. "दाखव म्हणजे दिसलं पाहिजे," म्हणाले. माझ्या जुन्या सायकलचं उथळ रिमचं चाक माळ्यावर पडून होतं. ते काढायला लावलं. गळणारी ट्यूब एक्स्टेंडरसकट त्या चाकात घातली. रिम उथळ, त्यामुळे जो सांधा डीप रिमच्या पोटात लपत होता तो इथे बाहेर उघडा आला. टायर चढवला आणि ८० भरलं. मग चाक उभं धरून असं फिरवलं की व्हॉल्व बरोबर वरच्या बाजूला येईल. व्हॉल्वचं तोंड हबकडे असतं, म्हणजे वर आणला की तो खाली बघतो. आता दोन आऱ्यांच्या मधून चहाचा काचेचा ग्लास पाण्याने भरून खालून वर चढवायचा, सांधा बुडेपर्यंत.

अर्धा मिनिट काहीच नाही. मग सांध्याच्या कडेला मोहरीएवढा एक बुडबुडा धरला, मोठा झाला, सुटला. दहा-बारा सेकंदांनी दुसरा, त्याच जागेवरून. वरच्या कोअरकडे मात्र पाणी शांत. दोन आठवड्यांचं गूढ एका ग्लासात दिसलं. काका म्हणाले, "आता च्या पाज."

ज्यांच्याकडे असं जुनं चाक नाही त्यांनी मित्राचं मागून घ्यावं, पण ही चाचणी पूर्ण दाबाखाली आणि सांधा उघडा ठेवून करावी. डीप रिम बादलीत बुडवून बघू नका. भोकांतून आत पाणी जातं आणि मग चार दिवस चाक फिरवलं की आत डुचमळत राहतं.

दुरुस्ती, आणि ती परत का बिघडली

खालच्या आट्यांवर टेफ्लॉनचे दोन वेढे दिले. जास्त नाही, कारण हे आटे फार बारीक असतात. जाड थर झाला की नळी तिरकी बसते, आणि ॲल्युमिनियम मऊ असल्याने तिरकी आवळली की आटे गेलेच समजा. आधी हाताने तीन-चार फेरे सहज फिरले पाहिजेत, मगच पाना. टेपचा तुकडा नळीच्या आतल्या वाटेवर लोंबत नाही ना, ते उजेडाकडे धरून पाहायचं. ग्लासाची चाचणी पुन्हा केली. पाणी शांत. सकाळी ७८.

पाच दिवस छान गेले. सहाव्या दिवशी सकाळी ४०.

या वेळी ट्यूबला हात न लावता विचार केला. पाच दिवसांत काय बदललं? एकच, आदल्या रात्री हवा भरली होती. माझ्या पंपाचं डोकं फिरवून बसवायचं आहे. काढताना ते उलटं फिरवलं की सोबत कोअर किंवा एक्स्टेंडर, ज्याची पकड ढिली असेल तो, पाव फेरा सुटतो. कधी कधी अख्खा कोअर पंपाच्या डोक्यात अडकून बाहेर येतो आणि टायर फुस्स. ते निदान कळतं तरी. पाव फेरा सुटलेला खालचा सांधा कळत नाही.

तेव्हापासून क्रम ठरवून टाकला. खालचा सांधा वरच्यापेक्षा घट्ट. एक्स्टेंडरच्या अंगावर पाना धरायला सपाट कडा असतील तर छोट्या पान्याने, नसतील तर रबराचा तुकडा गुंडाळून पक्कडीने. वरचा कोअर व्हॉल्वच्या छोट्या पान्याने, नुसत्या बोटांनी नव्हे. पण अंगात आल्यासारखा नाही, पितळ आहे ते. आणि पंपाचं डोकं काढताना दुसऱ्या हाताच्या चिमटीत एक्स्टेंडर पकडून ठेवायचा. दाबून, खटका उचलून बसवायचं डोकं असलेला पंप असेल तर हा फिरण्याचा त्रास नाही, पण तिथे लोक डोकं हिसक्याने काढतात आणि लांब नळीची तरफ होऊन व्हॉल्वच्या बुडाशी ट्यूब फाटते. त्या जागेला ठिगळ बसत नाही. सरळ रेषेत काढा.

यानंतर त्या चाकाने मला सकाळी दगा दिलेला नाही.

लांबी कशी ठरवायची

रिमवर ५० लिहिलंय म्हणून ८० ची ट्यूब किंवा हातभर एक्स्टेंडर लागतो असं नाही. ५० हा आकडा टायरच्या कडेपासून रिमच्या आतल्या टोकापर्यंतचा. व्हॉल्व मात्र रिमच्या आतल्या खोलगट तळापासून निघतो. तो तळ कडेपेक्षा काही मिलिमीटर खाली असतो.

मोजायला उदबत्तीची जळून उरलेली काडी घ्या. टायर-ट्यूब काढून, रिम टेप, म्हणजे रिमच्या तळावरची पट्टी, असू देत, काडी व्हॉल्वच्या भोकातून घाला. तळाच्या पातळीला एक खूण, आतल्या बाजूने जिथे बाहेर पडते तिथे दुसरी. माझ्या ५० च्या रिमला हे अंतर ४१ निघालं. पंपाच्या डोक्याला पकडायला निदान १५ मिलिमीटर हवेत, २० असले तर बरं. म्हणजे ५६ पासून पुढे काहीही चालेल. ६० मिलिमीटर व्हॉल्वची ट्यूब घेतली की एक्स्टेंडरचा प्रश्नच मिटतो! हे मोजायला पाच मिनिटं लागतात, आणि मी ते सगळ्यात शेवटी केलं.

६० खोलीच्या रिमला ६० चा व्हॉल्व सहसा पुरत नाही, बाहेर नखाएवढं टोक दिसतं आणि पंप सटकत राहतो. तिथे ८० चा. त्याच्याही पुढच्या खोल चाकांना लांब व्हॉल्व आणि एक्स्टेंडर दोन्ही जोडावे लागतात, आणि तिथे कोअरवाल्याशिवाय दुसऱ्याचा विचारही करू नये.

एक्स्टेंडरच्या लांबीतही गंमत असते. पाकिटावर ३० लिहिलेला लावला की ३० मिळत नाहीत, आट्यांत बुडालेला भाग वजा होतो. म्हणून हिशोबात तीन-चार मिलिमीटर जास्त धरून घ्या. फार लांबही नको. बाहेर बोटभर आलेली नळी पंप लावताना वाकते.

दुकानात गेल्यावर तीन गोष्टी हातात घेऊन बघते. बुडाशी रबरी रिंग आहे का. नळीची जाडी भोकातून जाईल का. प्रेस्टाचं भोक साधारण साडेसहा मिलिमीटरचं असतं आणि काही नळ्या कंबरेत जाड निघतात. आणि आपल्या ट्यूबचा कोअर निघतो का. हे सगळ्यात महत्त्वाचं. व्हॉल्वच्या टोकाच्या नटाखाली समोरासमोर दोन सपाट कडा दिसल्या, तर पान्याने कोअर निघतो. गोल गुळगुळीत असेल तर निघत नाही, मग कोअरवाला एक्स्टेंडर घेऊन उपयोग शून्य. हलक्या टीपीयू (प्लास्टिकसारख्या) ट्यूबमध्ये हे खास तपासा.

फेटरीच्या पुढची सकाळ

हा धडा मला रस्त्यावर मिळाला. एव्हाना मी ६० च्या ट्यूबा मागवून दोन्ही चाकांत घातल्या होत्या, एक्स्टेंडर काढून पाऊचमध्ये टाकला होता आणि स्पेअर म्हणून जुनी एक ४८ ची. रविवारी काटोल रोडने निघालो, फेटरी गावाच्या पुढे बाभळीचा काटा मागच्या टायरमधून आरपार. घोळक्याला म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, पोहे सांगा, दहा मिनिटांत आले.

ट्यूब काढली, स्पेअर उलगडली, कोअर काढायला गेले तर टोक गोल गुळगुळीत. तिचा कोअर निघतच नव्हता. ४८ चा व्हॉल्व रिममधून सात मिलिमीटर बाहेर, छोटा पंप त्याला पकडेना. कोअरवाला एक्स्टेंडर हातात, आणि तो लावायला जागाच नाही.

अर्धा किलोमीटर चाक ढकलत एका मोटरसायकलच्या पंक्चरच्या टपरीवर पोचले. माणूस भला होता. त्याने व्हॉल्व बघितला, बोटाने हलवून पाहिला आणि म्हणाला, "ताई, हे सुईवालं आपल्याकडं नाही भरल्या जात. आपलं गाडीचं आहे." त्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड श्रेडर, म्हणजे गाड्यांच्या जाड व्हॉल्वचं. प्रेस्टावर चढवायचं पितळी ॲडॅप्टर माझ्याकडे होतं, पण ते तरी सात मिलिमीटरच्या टोकाला कुठे धरणार? शेवटी त्याच्याच जाड सोल्यूशनने आणि बारीक कापलेल्या ठिगळाने मी काढलेली ६० ची ट्यूब जोडली, ॲडॅप्टर लावला आणि त्याने अगदी थांबत थांबत, बोटाने टायर चेपत हवा भरली. मोटरसायकलचा कॉम्प्रेसर बारीक ट्यूबला क्षणात फोडू शकतो, हे त्याला न सांगता कळलं होतं. पोहे थंड झाले होते, तर्री नवी मिळाली.

तेव्हापासून माझा नियम: स्पेअर ट्यूब ६० चीच, आणि तेवढ्या लांबीची मिळाली नाही तर एक्स्टेंडर घरीच बसवून, टेप लावून, ग्लासात तपासून मग गुंडाळून ठेवायची. उन्हातल्या रस्त्याच्या कडेला घामेजल्या बोटांनी टेफ्लॉनचे दोन वेढे देणं कुणाला जमत असेल तर त्याला माझा नमस्कार. सोबत व्हॉल्वचा छोटा पाना आणि ते पितळी ॲडॅप्टर. सगळं मिळून काडेपेटीएवढं होतं.

बारीकसारीक

चाक फिरताना टकटक आवाज येतो, तो बहुतेक वेळा व्हॉल्व भोकाच्या कडेला आपटल्याचा. जिथून तो रिममधून बाहेर पडतो तिथे इन्सुलेशन टेपचा एक वेढा दिला की गप्प. कार्बनच्या भोकाची कड धारदार असेल तर बारीक पॉलिश पेपर एकदा हलक्या हाताने फिरवा.

सायकल स्टँडवर चढवून पेडल मारलं की मागचं चाक उड्या मारतं, अशी भीती दोघा-तिघांनी बोलून दाखवली. लांब व्हॉल्व आणि एक्स्टेंडरचं वजन एका बाजूला असतं, स्टँडवर ते जाणवतं. रस्त्यावर मला कधी जाणवलं नाही.

भरायचं किती, हेही बघून घ्या. जुन्या सवयीने १०० ठोकणारे अजून पुष्कळ आहेत. रिम हुकलेस, म्हणजे टायर पकडायला आत वळलेली कड नसलेली, असेल तर ५ बारची, म्हणजे ७२ पीएसआयच्या आसपासची मर्यादा आहे, आणि ती सहसा रिमवर छापलेली असते. माझी हुकवाली आहे. तरी २८ मिलिमीटरच्या टायरला आता ७५ वर आले आहे. वर्धा रोडच्या पुलाच्या जोडांवर हाडं कमी खिळखिळी होतात.

ट्यूबलेसवाल्यांनी शक्यतो एक्स्टेंडरच्या वाटेला जाऊ नये. सीलंट, म्हणजे पंक्चर बुजवायला टायरमध्ये घालतात तो द्राव, नळीत शिरतो, तिथेच वाळतो आणि मग बारीक तारेने टोकरत बसावं लागतं. नागपूरच्या उन्हाळ्यात तर तो आणखी लवकर वाळतो. मार्च ते जून दर महिन्याला कोअर काढून आत काडी बुडवून बघावं. ट्यूबलेसचे व्हॉल्व लांबच मिळतात, मोजून तेच घ्यावेत. आणि हवा भरताना व्हॉल्व अगदी खाली ठेवू नका, सीलंटचं डबकं तिथेच असतं. घड्याळातल्या चार किंवा आठच्या जागी आणून भरा.

ते बिनरिंगचे दोन काळे एक्स्टेंडर अजून माझ्याकडे आहेत. काकांनी इतवारीच्या बाजारातून त्यांच्या मापाची रबरी रिंग शोधून आणली. एकाला बसली, दुसऱ्याला बसत नाही, कारण त्याच्या बुडाला रिंग टेकायला कडच नाही. बसलेला स्पेअरच्या पाऊचमध्ये आहे.